रॅम वाढवण्याआधी अडलंय कुठं ते बघा

व्हिडिओत एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथे नीट सांगतो.

मागच्या मे महिन्यात, कापूस लागवडीच्या तोंडावर, चोपड्यातल्या माझ्या पाइप-मोटारीच्या दुकानात दोन्ही काउंटरवर रांग लागली आणि बिलिंग अडकायला लागलं. मी घाईघाईत रॅम वाढवली. पैसे गेले, रांग तशीच. नंतर कळलं, जुनी हार्ड डिस्क नोंदी लिहिण्यात मागे पडत होती.

मोठ्या डेटाबेसचंही असंच असतं. आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधार क्रमांक वाटपाची सुरुवात झाली. मग देशभरातून नोंदींचा लोंढा सुरू झाला. आधारच्या यंत्रणेत जे डेटाबेस वापरले गेले, त्यात एक एचबेस. हा एका मशीनवर अवलंबून नसतो, अनेक सर्व्हरवर डेटा वाटून ठेवतो.

एचबेसमध्ये नोंद आली की आधी लॉगमध्ये लिहिली जाते. हा त्याचा रोजमेळ समजा. मग ती मेमरीतल्या मेमस्टोरमध्ये जाते. मूळ सेटिंगमध्ये मेमस्टोर 128 एमबी भरला की डेटा डिस्कवर उतरवतात. उतरवणं मागे पडून मेमस्टोर चौपट, म्हणजे 512 एमबी झाला, की डेटाच्या त्या भागात नवीन लिखाण थांबतं.

"मग मेमरी वाढवा ना भाऊ!" इथेच गल्लत होते. सर्व्हरच्या हीप मेमरीतला 40 टक्के वाटा लिखाणाला आणि 40 टक्के वाचनाच्या कॅशला असतो. मूळ सेटिंगमध्ये दोन्हींची बेरीज 80 टक्क्यांपुढे नेता येत नाही. लिखाणाला 50 दिले की वाचनाला 30 च उरले. आणि हीपच वाढवत गेलात तर मेमरीची साफसफाई लांबू शकते, तेवढा वेळ सर्व्हर थबकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे:

1. आधी मोजा. डिस्क मागे पडतेय का? की बिल नंबर क्रमानेच वाढतात म्हणून सगळा भार एकाच सर्व्हरवर जातोय? तसं असेल तर मेमरी वाढवून उपयोग नाही.

2. एका वेळी एकच सेटिंग बदला, गर्दीच्या वेळी फरक बघा.

3. वेग मिळावा म्हणून लॉग कधीच बंद करू नका. सर्व्हर पडला तर डिस्कवर न उतरलेल्या नोंदी गेल्याच. रोजमेळ न लिहिता गल्ला चालवणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही.

उद्या तुम्ही स्वतःचं अ‍ॅप काढाल, कुणीतरी मोठ्या सर्व्हरचं कोटेशन घेऊन येईल. सही करण्याआधी एकच विचारा: "अडलंय कुठं, ते मोजून दाखवा." उत्तर आलं नाही, तर चेक फाडू नका.