कृतिदेव आता पुरे!

राजेहो, काल लोहाऱ्यातल्या एका काकांनी लाभार्थी यादीची पीडीएफ पाठवली. "बाबू, यात माह्यं नाव पाय." सर्चमध्ये नाव टाकलं, शून्य. शेवटी चाळीस पानं डोळ्यांनी चाळली. नाव होतं!

फाइल कृतिदेवातली. त्यात दिसतं 'कर', आत साठतं इंग्रजी 'डीजे'. कम्प्युटरच्या लेखी ती मराठीच नाही. अंध माणसाला मोबाईल ती वाचून दाखवणार तरी कशी?

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. टायपिंगची सवय मोडत नाही म्हणता? अहो, रेमिंग्टन कळफलक युनिकोडातही मिळतो, बोटं तीच राहतात. मग अडतं कुठं? का यादीत कोणी शोधूच नये असं वाटते?

पुढची यादी युनिकोडातच पाहिजे. अर्ज लिहून ठेवलाय, सह्या करायला या.