दौंडच्या गाडीतलं सायन्स फिक्शन

कंटाळवाण्या मीटिंगमध्ये तुम्ही काय करता? खोटं बोलू नका! कुणी टेबलाखाली मोबाइल काढतं, कुणी वहीच्या कोपऱ्यात चौकोन रंगवतं, कुणी मनानं केव्हाच वीकएंडला पोहोचलेलं असतं. १९७४ मध्ये अहमदाबादला एका वैज्ञानिक परिषदेत असंच एक रटाळ भाषण चाललं होतं. श्रोत्यांमधले एक शास्त्रज्ञ इतके वैतागले, की त्यांनी समोरचे कागद पुढे ओढले आणि चक्क गोष्ट लिहायला घेतली. गोष्टीचं नाव ‘कृष्णविवर’. शास्त्रज्ञाचं नाव जयंत नारळीकर.

पुढचा किस्सा तर एकदम फिल्मी आहे. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. परीक्षकांनी आपलं नाव बघून मार्क देऊ नयेत, म्हणून नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज. आणि कथा गेली ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. अक्षर ओळखलं जाईल, म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या अक्षरात उतरवून दिली. पहिलं बक्षीस अर्थातच जगतापांना!

हे सगळं मी परवा माझ्या एका मैत्रिणीला सांगत होते. ती रांजणगाव एमआयडीसीत काम करते. पहाटे कंपनीची बस, रात्री कंपनीची बस, मधल्या वेळात वाघोली आणि शिक्रापूरचं ट्रॅफिक. कॉलेजात असताना ती भन्नाट कथा लिहायची. आता विचारलं की एकच उत्तर, ‘‘वेळ कुठंय गं? आणि आमच्या लाइफमध्ये लिहिण्यासारखं घडतंय तरी काय?’’

पहिला प्रश्न मला कळतो. मी फ्रीलान्सर, घर दौंडला आणि कामं पुण्यात. साधारण ७५ किलोमीटरचा प्रवास, जाऊन-येऊन दिवसाचे तीनेक तास सहज उडतात. पण दुसऱ्या प्रश्नावर मी अडून बसले. कारण नारळीकरांच्या लाइफमध्ये तरी रोज उठून काय घडत होतं? नोकरीच की! आधी मुंबईला टीआयएफआरमध्ये, मग पुण्यात. १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘आयुका’ त्यांनी अक्षरशः शून्यातून उभी केली. २००३ पर्यंत ते तिथले संचालक होते. म्हणजे मीटिंगा आल्या, फायली आल्या, बजेट आलं. शाळकरी मुलं सही मागायला आली, की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. म्हणजे ती पोस्टकार्डं लिहिण्याचंही काम आलंच!

आणि या माणसाच्या गोष्टी कशातून निघाल्या? आपल्याच रोजच्या सामानातून. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची गोष्ट आठवतेय? एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावानं भेटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघालेत. फक्त गाडी डेक्कन क्वीन नाही, तिच्याहून वेगवान ‘जिजामाता एक्स्प्रेस’ आहे. चाळीस मिनिटांत लोणावळा! कारण त्या जगात १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. आणि या जगात नेमकं काय वेगळं झालं, हे शोधायला पंत कुठे जातात? वाचनालयात! पुस्तकांच्या ढिगात बसून, पानं उलटत, विश्वासरावांना चाटून गेलेली ती गोळी सापडेपर्यंत वाचत राहतात. एक रेल्वे प्रवास आणि एक वाचनालय, त्यात ‘समजा असं झालं असतं तर?’ हा एक प्रश्न. एवढंच भांडवल.

दुसरी गोष्ट ‘उजव्या सोंडेचा गणपती’. मूळ कल्पना मोबियस पट्टीची. कागदाची पट्टी घ्या, एक अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा. आता त्यावर बोट फिरवत नेलं, तर पट्टीला एकच बाजू उरते! डावं-उजवं उलटण्याची ही भानगड त्यांनी बांधली ती आपल्या घरातल्या गणपतीला.

आता गंमत बघा. अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा गणपती कुठला? सिद्धटेकचा. म्हणजे दौंडपासून वीसेक किलोमीटरवर, भीमेच्या पलीकडे. माझ्या मैत्रिणीच्या कंपनीजवळ रांजणगावचा महागणपती आहेच. शिरूर तालुक्याच्या टोकाला टाकळी हाजी आणि पलीकडे निघोज. मधल्या कुकडीच्या पात्रात पाण्यानं आणि गोट्यांनी घुसळून खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. तिथे उभं राहिलं, की आपण परक्या ग्रहावर उतरलोय असं वाटतं. स्पेसशिप नको, बाइक पुरे!

आणि दौंड जंक्शन तर मला रेडिमेड विज्ञानकथाच वाटतं. एक रूळ सोलापूरला, एक मनमाडला, एक बारामतीला. दुसऱ्या गाडीत बसलेली दुसरी मी कुठे पोहोचली असेल? शिरूरला तर रेल्वेच नाही. समजा, असती तर? पुणे-नगर रस्त्यावर रोज अडकणारी हजारो माणसं आज काय करत असती? यवत ते पाटस मी असल्या प्रश्नांची यादी करते, नाहीतर पुस्तक वाचते. गर्दीत हात वर धरून वाचायचीही सवय होते. हे तीन तास माझ्याकडून गेलेलेच आहेत. मग निदान त्यातला एक तरी माझ्या नावावर असावा, एवढाच माझा हट्ट.

कारण नोकरी वेळ खाते हे खरंच. पण त्याहून वाईट म्हणजे ती आपलं कुतूहल खाते. ‘काय घडतंय?’ असं विचारणारा माणूस हळूहळू ‘किती वाजले?’ एवढंच विचारायला लागतो. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ला २०१४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे अशी ही नगरं. आपल्याकडे चार नसतील, पण दौंड आणि पुणे, शिरूर आणि रांजणगाव अशी दोन तर प्रत्येकाकडे असतात. आणि त्यांच्यामध्ये एक खिडकी.

तेव्हा येत्या रविवारी सॅकमध्ये एक विज्ञानकथासंग्रह टाका, सकाळची दौंड गाडी पकडा आणि सिद्धटेक गाठा. परतताना एकच ‘समजा’ लिहून काढा. आवडलं नाही, तर फाडून टाका, नुकसान शून्य.

काल रात्री मैत्रिणीचा मेसेज आला. कंपनीच्या बसमधून, वाघोलीच्या जॅममधून. ‘‘दीड पान झालंय. आता एक टोपणनाव सुचव.’’