दुसऱ्यांदा आलेला पाहुणा

पहिल्यांदा येणारा पाहुणा फोटो आणि परक्यांनी दिलेले तारे पाहून येतो. दुसऱ्यांदा येणारा आपल्यावर विश्वास टाकून येतो, तोही थेट फोन करून. ऑनलाइन बुकिंगच्या कंपन्यांना आपण हॉटेलवाले साधारण 15 ते 25 टक्के कमिशन मोजतो. या पाहुण्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. तरीही चांगली खोली नव्याला जाते, कारण तो लगेच रिव्ह्यू लिहील ही धास्ती असते. जुना पाहुणा सहसा तक्रार करत नाही. पुन्हा येत नाही, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आम्ही पुन्हा राहिलो. नाव देत नाही, कारण हे दुखणे त्या एकट्याचे नाही. आधीच्या मुक्कामात तिथल्या कोऱ्या चादरी आणि सकाळचे गरम घावणे आवडले होते. या वेळी स्वागतकक्षात नवे झुंबर होते, फोटो काढण्यासाठी रंगवलेली भिंत होती. खोलीत मात्र टॉवेल विटलेले, गीझरचे पाणी कोमट, बाथरूमचे दार खालून फुगलेले आणि एसी रात्रभर खडखडत होता. घावण्यांची जागा ब्रेड-बटरने घेतली होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘सिझन आहे ना साहेब, सगळं फुल आहे.’’ तो सलग दोन पाळ्या करत होता. त्याच्यावर राग धरता येत नाही. राग येतो तो झुंबराला पैसे मंजूर करून गीझर पुढे ढकलणाऱ्या निर्णयाचा.

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर गंजते. ती नियमित गोड्या पाण्याने धुवावी लागते. पाणी जड असेल तर गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात आणि टाकी वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजतो. तो रॉड वेळेवर बदलणे टाकी बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. चादरींचे किमान तीन संच हवेत: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे चौथाही लागतो. दोन संचांवर सिझन काढणाऱ्याच्या चादरी दमट राहणारच.

मोठ्या हॉटेल साखळ्यांत उत्पन्नाच्या सुमारे 4 टक्के रक्कम फर्निचर आणि उपकरणे बदलण्यासाठी बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्या वीस-पंचवीस खोल्यांच्या धंद्यात असे वेगळे खाते क्वचितच दिसते. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट गेले. त्यामुळे दुरुस्तीच्या सामानावरचा कर अंगावर पडतो, ही व्यावसायिकांची अडचण खरी आहे. पण पाहुण्याला हा हिशेब दिसत नाही, त्याला कोमट पाणी दिसते.

आणखी एक गोष्ट पैशांची नाही. कोणाला कोणती खोली आवडते, कोणाच्या आईला जिना चढवत नाही, हे सारे एका जुन्या मॅनेजरच्या डोक्यात असते. तो नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही जाते. साधी वही ठेवली तरी पुरे, पण ती रोज भरली पाहिजे आणि खोली देण्याआधी उघडली पाहिजे. काम चालू असेल किंवा आचारी बदलला असेल, तर जुन्या पाहुण्याला बुकिंगच्या फोनवरच तसे सांगावे. काही जण तरीही येतील. जे येणार नाहीत ते निदान फसवले गेल्याच्या भावनेने दुरावणार नाहीत.

पावसाळ्यात दुरुस्तीसाठी विक्रीतून बाहेर काढायच्या खोल्यांची यादी आत्ताच करा, आणि मालकांनी त्यांतल्या प्रत्येक खोलीत स्वतः एक रात्र झोपून पाहावे. दरवर्षी येणारे जे पाहुणे यंदा आले नाहीत, त्यांना फोन करा. का आला नाहीत ते विचारा, मध्ये न बोलता ऐका, आणि ते सांगतील ते लिहून घ्या.