शार्प लेन्सचं खूळ

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत माझं मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास आणि सुट्टीतली आजी, एवढंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, मला नको! तरीही हे इंग्लिश सेक्शनला न देता इथे दिलंय, कारण ज्यांच्यामुळे लिहावंसं वाटलं ते मशीन शॉपमधले मामा मॅगझिनची फक्त मराठी पानं वाचतात.

प्रश्न असा आहे, की आपल्या फोटोग्राफी क्लबनं वर्षभराचा अख्खा फंड एका लेन्सवर घालवावा का? जानेवारीच्या मीटिंगमध्ये "घालवावाच!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी मीच होते. आता मी उलट्या बाजूनं ओरडणार आहे. मंडळी, जरा ऐकून घ्या.

ज्यांनी क्लबचं कपाट उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. माझ्या आजोबांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. त्यांचा कॅमेरा माळ्यावर धूळ खात होता, तो मी हॉस्टेलवर आणला. केरळात अलप्पुळ्याला बनलेला 'वागीश्वरी'. लाकडाचा, हाफ प्लेट मापाचा, मध्ये हार्मोनियमसारखा भाता, मागे घासलेली काच. काळ्या फडक्यात डोकं खुपसायचं, त्या काचेवर उलटं चित्र बघून फोकस करायचा, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा. पुढे जुनी टेसार लेन्स, २१० मिलिमीटर, एफ/४.५. शटर नाही! झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं. एका वेळी एकच फोटो. होल्डरमध्ये ४×५ इंचांची फिल्म बसावी म्हणून आम्ही सुतारकामाच्या शॉपमध्ये लाकडी चौकट केली (सबमिशनच्या जॉबपेक्षा जास्त मन लावून). फिल्म म्हणजे कापलेली एक्स-रे फिल्म. ती स्वस्त, आणि लाल दिव्यात डेव्हलप होते, म्हणजे हॉस्टेलची बाथरूम चालते. रात्री साडेअकरानंतर बादली घेऊन बाहेर ताटकळलेल्या सगळ्या मैत्रिणींची इथे जाहीर माफी मागते.

तर डिसेंबरात कळलं की जुनी मशीन शॉप मे महिन्यात पाडणार, आणि लेथ त्याआधीच लिलावात जाणार. मामा त्या लेथवर एकतीस वर्षं उभे होते. आम्ही ठरवलं, मामांचा फोटो काढायचा, तोही याच कॅमेऱ्यानं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत उजेड कमी आणि माणूस फार वेळ दगडासारखा उभा राहू शकत नाही, म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवली, एफ/४.५. मामांच्या डोळ्यांवर फोकस केला. झाकण काढलं, एक सेकंद, लावलं.

निगेटिव्ह धुतली तर मामांचा चेहरा पुसट. डोळे कुठे, मिशी कुठे, काही कळेना. परत काढू म्हणेपर्यंत ट्रक येऊन लेथ घेऊन गेला.

मला जाम वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माणूस करतो तेच मी केलं, दुसऱ्यावर ढकललं. लेन्स भंगार आहे! सिमार, सिरोनार, निक्कोर, फुजिनॉन ही नावं पाठ झाली. निकॉननं मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्स २००६ मध्येच बंद केल्यात, म्हणजे मिळणार ती जुनी, वापरलेलीच. तरी "सगळ्यांत शार्प कोणती?" यावर मेसमध्ये तासन् तास वाद. आमटी गार व्हायची (तसं आपल्या मेसच्या आमटीचं फारसं बिघडत नाही म्हणा).

आता जरा गणित. फर्स्ट इयरला रॅलेचा निकष आपण सगळ्यांनी घोकला होता, आठवतंय? पेपर झाला आणि विसरलो. तोच इथे लागतो. लेन्सचं छिद्र लहान करावं तसा प्रकाश पसरत जातो, आणि काच जर्मनीत घासली की जपानात, याच्याशी त्या पसरण्याचा काही संबंध नाही. हिरव्या प्रकाशासाठी हिशोब केला तर एफ/२२ ला फिल्मवर मिलिमीटरमागे साधारण ६८ रेषाजोड्या, एफ/३२ ला ४६, एफ/६४ ला २३. याच्या पुढे कुठलीच लेन्स जात नाही. आणि मोठ्या कॅमेऱ्यात जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट हवं असेल तर एफ/२२ किंवा एफ/३२ पर्यंत जावंच लागतं. तिथे दहापट किमतीची लेन्स आणि आजोबांची टेसार जवळजवळ एकाच बाकावर येऊन बसतात.

बरं, लागतं किती? ४×५ च्या निगेटिव्हवरून १६×२० इंचांचा प्रिंट म्हणजे फक्त चारपट. साध्या ३५ मिमी फिल्मवरून तोच प्रिंट करायला जवळजवळ सतरापट ताणावं लागतं. हातात धरलेल्या प्रिंटवर आपल्या डोळ्याला मिलिमीटरमागे पाच-सहा रेषाजोड्यांच्या पुढे दिसत नाही. म्हणजे फिल्मवर वीस-चोवीस असल्या की काम झालं. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी ग्रुप काढला, स्पष्ट आणि काटेकोर फोटोचा आग्रह धरणारा, आणि त्याला नाव दिलं 'एफ/६४'. म्हणजे शार्पनेसच्या भक्तांनी स्वतःला नाव घेतलं ते कुठलीही लेन्स जिथे मवाळ पडते त्या छिद्राचं! अ‍ॅडम्सचा 'मूनराइज, हर्नान्डेझ' हा १९४१ चा फोटोसुद्धा एफ/३२ चाच आहे.

पण हा सगळा हिशोब एफ/२२ चा, आणि मामांचा फोटो होता एफ/४.५ चा. मग तो का बिघडला? हे फेब्रुवारीत कळलं, तेही योगायोगानं. भिंग घेऊन मी त्या निगेटिव्हकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मामांच्या पुढे, साधारण वीतभर अंतरावर, लेथचं हँडल होतं. त्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसत होता! चिकटलेला लोखंडी कीससुद्धा. लेन्स शार्प होती. शार्पनेस फक्त चुकीच्या जागी पडला होता.

मग मेट्रॉलॉजी लॅबमधून डेप्थ गेज आणला. कॅमेऱ्याच्या पाठीपासून घासलेली काच २३.० मिमी आत, आणि आमच्या 'मन लावून' केलेल्या चौकटीत फिल्म २४.२ मिमी आत. फरक १.२ मिमी. एफ/४.५ ला त्याचा ठिपका होतो पाव मिमीच्या थोडा वर, म्हणजे चेहरा गेलाच. एफ/२२ ला तोच ठिपका ०.०५ मिमीच्या आसपास, सहसा लक्षातही आला नसता. अशा चौकटीत सिरोनार लावली असती तरी मामा पुसटच आले असते. फक्त फंड संपलेला असता.

शार्प लेन्स वाईट असते असं मी म्हणत नाही. कोटिंग असलेल्या नव्या लेन्समध्ये खिडकीचा उजेड कमी पसरतो, उघड्या छिद्राला कोपरेही चांगले येतात. पण विकणाऱ्याला "शार्प आहे का?" विचारून काय मिळणार? तो "नाही" थोडाच म्हणणार आहे! त्यापेक्षा प्रकाशाचं वर्तुळ किती मोठं पडतं ते विचारा. ४×५ फिल्मचा कर्ण सुमारे १५४ मिमी. उंच इमारतीसाठी लेन्स वर सरकवली की वर्तुळ त्याहून बरंच मोठं लागतं. सिमार-एस किंवा निक्कोर-डब्ल्यूच्या १५० मिमीला एफ/२२ वर ते २१० मिमी मिळतं. टेसार प्रकारच्या १५० मिमीला फिल्म जेमतेम झाकता येते, सरकवली की कोपरे काळे. आमच्या २१० च्या टेसारला हा त्रास होत नाही, कारण ती मुळात हाफ प्लेटसाठी आहे. मग टॉर्च मारून काचेत बुरशीची जाळी दिसते का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच. शटर असेल तर एक सेकंदावर ठेवून कान लावा, जुनी शटरं तिथेच अडखळतात. एवढं जमलं तर नाव कुठलंही चालेल.

फंडाबद्दल माझं मत: फिल्म, केमिकल आणि न हलणारा ट्रायपॉड. आत्ताचा ट्रायपॉड पंखा चालू असला तरी थरथरतो. मतदान अजून व्हायचंय.

सबमिशन फाइलच्या कव्हरचा पुठ्ठा कापून फिल्मच्या मागे १.२ मिमीचं पॅकिंग दिलं. गेल्या आठवड्यात त्याच टेसारनं रिकाम्या शॉपचा फोटो काढला, एफ/२२, चाळीस सेकंद. फरशीत राहिलेले फाउंडेशन बोल्ट मोजता येतात. मामांनी भिंगातून बघून त्यांच्या लेथचे चार बरोबर दाखवले. प्रिंट देऊ का विचारलं तर म्हणाले, हा नको, आधीचाच दे. हँडल छान आलंय त्यात.