जॅकेटं मोजली जातात; अंगात बसतात का, ते कोण बघणार?

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची स्पीडबोट धडकली. त्या दुर्घटनेत 15 जणांचा जीव गेला. लगेच गेटवेच्या फेरीबोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली होती. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेटं सगळ्यांना मिळालेली नव्हती. मे महिन्यात उजनी जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यानची बोट वादळात सापडली, तिथे 6 जण गेले.

अशी घटना घडली की चौकशी, सक्ती, तपासणी हे सगळं ओघाने येतं. तपासणीत जॅकेटं मोजली जातात. माणसं 30, जॅकेटं 30, झालं काम. पण ती 30 जॅकेटं त्या 30 जणांच्या अंगात बसतात का, हे कुणी बघत नाही. मालवणच्या धक्क्यावर, दांडेलीच्या काळी नदीवर, ओंकारेश्वर-महेश्वरच्या घाटावर किंवा हैदराबादच्या हुसेनसागरावर, चित्र थोड्याफार फरकाने तेच दिसतं. एकाच मापाच्या जॅकेटांचा ढीग असतो, त्यातलं हाताला लागेल ते उचलायचं. धिप्पाड माणसाचं बकल लागत नाही. मग ते उघडंच राहतं, किंवा जॅकेट मांडीवर घेऊन तो बसतो. चारचौघांत 'मला होत नाही' म्हणायची लाज वाटते आणि बोटवाल्यालाही घाई असते.

खरा धोका इथेच आहे. बकल न लावलेलं जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर वर सरकतं, कधी डोक्यावरून निघूनही जातं. जॅकेट तरंगतं, माणूस खाली राहतो. मांडीवरचं जॅकेट तर बोट कलंडली की हातातून सुटतंच. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं.

वजन नव्हे, छातीचा घेर

'माणूस जाड, तर त्याला तरंगवायला जास्त ताकद लागणार' हा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. पाण्यात शरीराचं बरंचसं वजन पाणीच पेलतं. डोकं वर ठेवायला साधारण मोठ्या माणसाला 3 ते साडेपाच किलोंचा जादा आधार पुरतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, स्नायू आणि हाडं जड. त्यामुळे 110 किलोंचा स्थूल माणूस सहज तरंगू शकतो आणि 80 किलोंचा उंच, कसलेला, अंगावर चरबी नसलेला पैलवान गडी त्याच्यापेक्षा लवकर खाली जाऊ शकतो.

म्हणून लहान मुलांचं जॅकेट वजनावर निवडतात, तर मोठ्यांचं छातीच्या घेरावर. बऱ्याच जॅकेटांच्या लेबलवर '70 किलोंपेक्षा जास्त' एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून 'आपल्याला चालेल' असं ठरवू नये, कारण त्यात 75 किलोंचाही येतो आणि 130 किलोंचाही. लेबलवर छातीचं माप सेंटिमीटरमध्ये किंवा इंचांत दिलेलं असतं, ते बघायचं. टेप छातीच्या सगळ्यात रुंद भागावरून फिरवायचा. पोट छातीपेक्षा मोठं असेल तर तेही मोजायचं, कारण खालचा पट्टा तिथेच अडतो.

लेबलवर आणखी एक आकडा असतो, न्यूटनचा. 50 न्यूटन म्हणजे साधारण 5 किलोंचा आधार. ते जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असेल अशा ठिकाणी. 100 न्यूटनचं शांत, आडोशाच्या पाण्यासाठी आणि 150 न्यूटनचं खुल्या समुद्रासाठी. पोहता येत नसेल तर 50 न्यूटनच्या जॅकेटवर विसंबू नये, मग अंगकाठी कशीही असो.

उंच माणसाची अडचण वेगळी

सहा फुटांच्या वरच्या माणसाचं बकल लागतं, पण जॅकेट आखूड पडतं. छातीवरच संपतं, कमरेपर्यंत पोचत नाही. खाली धरून ठेवायला काही नसल्यामुळे पाण्यात ते हनुवटीपर्यंत चढतं. अशांना लांब धडाचं, दोन्ही बाजूंना कसायचे पट्टे असलेलं जॅकेट हवं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तमच, त्याने जॅकेट जागेवर राहतं. हा पट्टा अडचणीचा वाटतो म्हणून माणसं मोकळा सोडतात. तसं करू नये.

फुगवायची जॅकेटं मोठ्या घेराला सोयीची पडतात, कारण त्यांचा पट्टा बराच सैल करता येतो. पण ती गॅसच्या सिलिंडरवर चालतात. सिलिंडर वापरलेला किंवा सैल असेल तर जॅकेट निव्वळ कापड. राफ्टिंगला किंवा वॉटर स्कूटरवर ती नेत नाहीत, तिथे फोमचंच हवं.

धक्क्यावर दोन मिनिटं

जॅकेट घालून सगळी बकलं आणि चेन लावायची. पट्टे खालून वर कसत यायचे. मग दोन्ही हात वर करायचे आणि बरोबरच्या माणसाला खांद्यांवर जॅकेट धरून वर ओढायला सांगायचं. ते कानापर्यंत आलं तर मोठं किंवा सैल आहे. बकल लागतच नसेल किंवा दीर्घ श्वास घेता येत नसेल तर लहान. साडी किंवा ओढणी असेल तर पदर आत खोचून त्यावर जॅकेट, पदरावरून ओढून घेतलेलं नको. बकल लागत नाही म्हणून सुतळीने बांधणं किंवा दुसऱ्या जॅकेटचा पट्टा कापून जोडणं हा उपाय नाही. जोडपट्टा त्याच कंपनीचा, त्याच जॅकेटसाठीचा हवा. आणि मापाचं जॅकेट नाहीच मिळालं तर त्या बोटीत बसायचं नाही. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

नियमात कुठे अडतंय?

मोठ्या जहाजांसाठीच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय नियमांत हा विचार आधीच झालेला आहे. मोठ्यांचं जॅकेट 140 किलो वजनाच्या आणि 175 सेंटिमीटर छातीच्या माणसाला बसलं पाहिजे. बसत नसेल तर ते अंगावर पक्कं बांधता येईल अशी जोडसोय जहाजावर हवी. पण हे नियम तलावातल्या बोटीला किंवा खाडीतल्या होडीला लागू नाहीत. देशात अंतर्देशीय जहाज कायदा 2021 मध्ये आला, त्याने यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी एका चौकटीत आणली. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या हातात. समुद्रावर पुन्हा यंत्रणा वेगळी, महाराष्ट्रात सागरी मंडळ, गोव्यात बंदर कप्तान खातं. बेळगावचं कुटुंब सकाळी कर्नाटकात, दुपारी गोव्यात आणि दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात बोटीत बसतं. अधिकारी तीन, माणसाचं माप एकच.

कळंगुटला 25 डिसेंबर 2024 रोजी पर्यटकांची बोट उलटली. एकाचा मृत्यू झाला, 20 जणांना वाचवता आलं. बहुतेकांच्या अंगात जॅकेट होतं. सक्तीचा उपयोग होतो, हे यातून दिसतं. पुढचं पाऊल खर्चिकही नाही. तलाव किंवा धक्का ठेक्याने देताना पालिकेने आणि पर्यटन खात्याने करारात एक ओळ घालावी, की दर बोटीमागे अमुक इतकी जॅकेटं मोठ्या घेराची आणि लांब धडाची हवीत, ती वेगळ्या रंगाची असावीत आणि वेगळ्या खुंटीवर टांगलेली असावीत. म्हणजे कुणाला मागताना लाजावं लागणार नाही आणि ढिगात शोधावंही लागणार नाही. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने जॅकेटं मोजून झाल्यावर बोटीतल्या सगळ्यात धिप्पाड माणसाला उभं करून त्याचं बकल लागतं का, एवढं बघावं. ते लागलं, तरच तपासणी पूर्ण झाली असं धरावं.