कुलूप एक, किल्ल्या शंभर!

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झाली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुसऱ्या शनिवारची सुटी होती. त्या दिवशी बनावट कार्डे वापरून, देशोदेशींच्या एटीएम यंत्रांतून काही तासांत या बँकेचे सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. आपल्या कोल्हापुरातील यंत्रेही त्यांत होती! १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले.

तिजोरी तर फुटली नाही. मग हे घडले कसे? एटीएममध्ये कार्ड घातले, की ‘पैसे देऊ का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या प्रणालीमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. चोरट्यांनी बँकेच्या जाळ्यात शिरून बनावट स्विच उभा केला. प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचेनात. बनावट स्विचच ‘द्या’ असे उत्तर धाडू लागला.

संस्थेत चोर शिरला, की ‘कोणीतरी गाफील राहिला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. थोडे गणित करू या. समजा, एका संस्थेतील १०० जणांना फसवा संदेश आला. प्रत्येकजण शंभरात ९९ वेळा सावध राहतो. परीक्षेत याला आपण उत्तम गुण म्हणू! परंतु सर्वच्या सर्व सावध राहण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे अवघी ०.३७ येते. कोणीतरी फसण्याची शक्यता ६३ टक्के! चोराला एकच चूक पुरते. त्यातून आता प्रत्येकाच्या खिशात फोन, म्हणजे संस्थेला तितकी आणखी दारे.

तेव्हा ‘सावध राहा’ असा फलक लावून भागणार नाही. चूक होणार हे धरूनच व्यवस्था आखली पाहिजे. प्रयोगशाळेत आपण एकाच मापनावर विसंबतो का? तसेच येथेही दुसरी, स्वतंत्र पडताळणी हवी. ‘साहेबांनी’ फोनवरून पैसे पाठवायला सांगितले, तर आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारावे. सुटीच्या दिवशी व्यवहार एकाएकी वाढले, तर ते आपोआप थांबावेत.

आणि ‘माझ्या हातून नको तो संदेश उघडला गेला’ असे लगेच सांगणाऱ्याला रागावू नये. रागाच्या भीतीने चूक लपली, की चोराला वेळ मिळतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे.

आमच्या आजऱ्यातील पतसंस्था असो, दूध संस्था असो वा तुमची शाळा. हे गणित सर्वांना सारखेच लागू आहे. तुमच्या शाळेत अशी दुसरी पडताळणी कोठे आहे आणि कोठे नाही, हे शिक्षकांबरोबर बसून शोधा पाहू!