अँटेना उतरवण्यापूर्वी

गेल्या महिन्यात आमच्या टाउनहाऊसच्या असोसिएशनचे पत्र आले : छपरावरचा अँटेना आठ दिवसांत काढावा, नाहीतर दंड. मी शिडी आणायला निघालोच होतो. आपण मंडळी असा कागद आला की आधी घाबरतो, मग वाचतो.

एफसीसीचा १९९६ चा नियम आपल्या बाजूचा आहे. छप्पर स्वतःच्या मालकीचे असेल तर त्यावर टीव्हीचा अँटेना किंवा एक मीटरपर्यंतची डिश लावायला असोसिएशन मनाई करू शकत नाही. १९९९ पासून भाडेकरूंनाही हा हक्क आहे. पण फक्त स्वतःच्या वापरातल्या बाल्कनीत वा अंगणात, सामायिक गच्चीवर नाही. (तिथे भांडायला जाऊ नका, हराल.) सुरक्षिततेच्या रास्त अटी पाळाव्याच लागतात.

१९८८ च्या कायद्याने तर परगावचे एनबीसी, सीबीएस डिशवरून फक्त अशाच घरांना मिळे, जिथे छपरावरच्या अँटेनाने ते नीट लागत नसे. म्हणजे सरकारच धरून चालले होते की घरावर अँटेना असणार!

मी नियमाची प्रत जोडून उत्तर पाठवले. दंड अजून आलेला नाही. अँटेना जागेवर आहे, आणि आई संध्याकाळच्या बातम्या, कळो न कळो, फुकटात बघते आहे.